ब्रुटन पॅरिशच्या विटा आणि नॅसॉ स्ट्रीटचा पाया

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्या मराठी मंडळींत विल्यम्सबर्ग न पाहिलेलं घर विरळाच. मुलांची शाळेची सहल, भारतातून आलेले आई-बाबा, नाहीतर बुश गार्डन्सच्या तिकिटाला जोडून काढलेला एखादा दिवस, काहीतरी निमित्त निघतंच. तीनकोनी टोप्या घातलेले लोक, घोडागाड्या, लोहाराचा भाता, गव्हर्नरचा वाडा हे सगळं बघता बघता दिवस संपतो. ड्यूक ऑफ ग्लॉस्टर स्ट्रीटवर, वाड्यासमोरचं हिरवं मैदान जिथे रस्त्याला मिळतं तिथे, कोपऱ्यावर विटांचं एक चर्च आहे. पांढरा मनोरा, भोवती विटांची भिंत, भिंतीच्या आत जुनी थडगी. बहुतेक लोक त्याचा एक फोटो काढतात आणि पुढे जातात.

हे ब्रुटन पॅरिश चर्च. आकाराने लहान, पण अमेरिका समजून घ्यायला एक इमारत निवडायची झाली तर मी हीच निवडेन. इथल्या विटांमध्ये सत्ता कशी बसली होती ते दिसतं. आणि इथून चालत काही मिनिटांवर, नॅसॉ स्ट्रीटवर, आणखी एका चर्चचा पाया परवा-परवापर्यंत डांबराखाली दडून होता. या दोन जागा एकत्र पाहिल्याशिवाय दोन्हींपैकी एकही नीट समजत नाही.

आधी नावाबद्दल. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला मुलूख. १६७४ साली शेजारशेजारचे दोन पॅरिश एकत्र करून हा नवा पॅरिश झाला आणि त्याला इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातल्या ब्रुटन या गावाचं नाव दिलं गेलं. तेव्हाचा गव्हर्नर विल्यम बर्कली आणि वसाहतीचा सचिव थॉमस लडवेल या दोघांचं मूळ त्या गावात होतं. परदेशात गेलेल्या माणसाने आपल्या गावाचं नाव नव्या जागेला देणं आपल्याला काही नवीन नाही. आपणही घरावर 'सह्याद्री' अशी पाटी लावतोच.

त्या काळच्या व्हर्जिनियात चर्च ही रविवारपुरती जागा नव्हती. चर्च ऑफ इंग्लंड हा सरकारी धर्म होता. पॅरिशचा कारभार 'व्हेस्ट्री' नावाचं पंचमंडळ बघायचं आणि या मंडळात गावातले जमीनदारच असायचे. अनाथांची सोय, गरिबांची मदत, त्यासाठी घरटी पट्टी बसवणं ही सगळी कामं त्यांच्याकडे. आपल्याकडचं देवस्थान आणि ग्रामपंचायत एकत्र करून त्यात थोडी मामलेदार कचेरी मिसळली, तर जे होईल तसं काहीसं. पट्टी वसूल व्हायची तंबाखूत. पाद्र्याचा पगारही तंबाखूत : १६९६च्या कायद्याप्रमाणे वर्षाला १६,००० पौंड. चर्चला न येणाऱ्याला दंड होता आणि तोही तंबाखूत भरता यायचा. तंबाखू हेच तिथलं नाणं होतं आणि ती पिकवायला लागणारी माणसं जहाजात कोंबून आफ्रिकेतून आणली जात होती. चर्चचा सगळा हिशेब शेवटी त्या शेतांपर्यंत पोचतो.

पहिलं विटांचं चर्च इथे १६८३ साली पुरं झालं. तेव्हा हे गाव म्हणजे 'मिडल प्लांटेशन' नावाची विखुरलेली वस्ती होती. मग १६९३ मध्ये कॉलेज ऑफ विल्यम अँड मेरी स्थापन झालं आणि १६९९ मध्ये जेम्सटाउनहून राजधानी इथे हलली. अधिवेशनाच्या दिवसांत गाव माणसांनी फुलून जायचं, चर्च मात्र तेच जुनं आणि अपुरं. व्हेस्ट्रीने सरकारकडे मदत मागितली. १७१० साली गव्हर्नरच्या जागी काम बघायला आलेला अलेक्झांडर स्पॉट्सवुड हा हौशी वास्तुकार होता. त्याने स्वतः आराखडा काढला : ७५ फूट लांब, २८ फूट रुंद आणि दोन बाजूंना दोन पंख. त्याबरोबर एक सौदाही पुढे केला. गावाने ७५ पैकी ५३ फुटांचं काम करावं, उरलेल्याची सोय मी बघतो. १७१५ मध्ये चर्च उभं राहिलं. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगते : तेव्हा बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळून दोन वर्षं झाली होती आणि शनिवारवाड्याची पायाभरणी अजून पंधरा वर्षं दूर होती.

आता इमारतीकडे जरा सावकाश बघू. वरून पाहिलं तर तिचा आकार क्रॉसचा आहे. लांब भुजा पूर्व-पश्चिम, आखूड भुजा दक्षिण-उत्तर. व्हर्जिनियातल्या क्रॉसाकृती चर्चपैकी हे अगदी सुरुवातीचं. या आकाराला धार्मिक अर्थ आहेच, पण इथे व्यवहारही होता. दोन्ही पंखांमुळे सरकारी मंडळींना बसायला वेगळी आणि मानाची जागा मिळाली. सरकारने पैसे दिले ते उगीच नाही.

भिंतीच्या जवळ जाऊन विटा बघा. एक वीट आडवी, तिच्या शेजारची टोकाकडून दिसणारी, पुन्हा एक आडवी, अशी रचना ओळीओळीने चालते. याला 'फ्लेमिश बाँड' म्हणतात. त्यातल्या टोकाकडून दिसणाऱ्या काही विटा निळसर-करड्या आणि चकाकत्या आहेत. त्यांना रंग लावलेला नाही. भट्टीत लाकडाच्या जाळाच्या सगळ्यात जवळ ज्या विटा रचतात, त्यांच्या तोंडावर ही काचेसारखी झिलई आपोआप येते. गवंड्यांनी त्या निवडून बाजूला काढल्या आणि नक्षीसारख्या वापरल्या. खिडक्यांच्या कमानींभोवतीच्या विटा घासून गुळगुळीत केलेल्या, एकसारख्या लाल. सांध्यातला चुना त्या भागात शिंपल्यांचा असायचा. खाडीत कालवं भरपूर आणि चुनखडी दुर्मीळ, म्हणून शिंपले जाळून चुना करत. कोकणातल्या जुन्या घरांचा चुना ज्यांना माहीत आहे, त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. विटा पाडणं, भट्टी लावणं, शिंपले जाळणं ही कामं त्या काळच्या व्हर्जिनियात मोठ्या प्रमाणावर गुलामांकडून करून घेतली जात. भिंतीवर नाव मात्र आराखडा काढणाऱ्याचं राहतं.

पुढच्या अर्धशतकात चर्च वाढत गेलं. १७५२ मध्ये वेदीकडची पूर्वेची बाजू पंचवीस फुटांनी लांबवली, म्हणजे ती पश्चिमेच्या बाजूइतकी झाली. १७५४ मध्ये आवाराची भिंत आली आणि त्यानंतर लगेच ऑर्गन. १७६१ मध्ये एका व्यापाऱ्याने लंडनमध्ये ओतलेली घंटा भेट दिली. १७६९ मध्ये बेंजामिन पॉवेल या कंत्राटदाराने मनोरा बांधला. मनोऱ्याच्या आणि मूळ चर्चच्या विटांच्या रंगांत फरक आहे. दोन पिढ्यांमधली ही शिवण आजही साध्या डोळ्यांना दिसते.

आत गेलं की पहिल्यांदा जाणवतात ते बाक. कमरेच्या वर येतील अशा लाकडी भिंती आणि प्रत्येकाला छोटं दार, म्हणजे बाकापेक्षा पेटीच म्हणावी. चर्चमध्ये शेगडी नव्हती, त्यामुळे थंड वारा अडवायला या पेट्या उपयोगी पडत. पण त्यांचा खरा उपयोग कोण कुठे बसणार हे ठरवायला होता. जिथे चारी भुजा मिळतात तिथे उंच व्यासपीठ. त्याच्या जवळच गव्हर्नरची खास जागा, वर छत आणि पडदा. पंखांमध्ये कौन्सिलचे सदस्य आणि प्रतिनिधीगृहाची मंडळी. पश्चिमेच्या गॅलरीत कॉलेजची पोरं. प्रवचन कंटाळवाणं झालं की त्यांनी कठड्यावर चाकूने आपली आद्याक्षरं कोरली, ती अजून तिथे आहेत. हा मला या चर्चमधला सर्वांत जिवंत भाग वाटतो. आणि गुलाम? ते वरच्या गॅलरीत किंवा मागे, जिथून वेदी दिसली काय आणि न दिसली काय, कोणाला फरक पडत नव्हता.

हे वाचताना मराठी माणसाला आपली देवळं आठवणं अपरिहार्य आहे. पंढरपूरला चोखोबांची समाधी देवळाच्या बाहेर, नामदेव पायरीजवळ आहे. त्या देवळाचं दार सर्वांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषणाला बसावं लागलं. देवापासून माणसाचं अंतर फुटांमध्ये मोजायची कला फक्त एका धर्माकडे नव्हती.

व्हर्जिनियात तर हे अंतर कायद्यात लिहिलेलं होतं. ख्रिस्ती माणसाला गुलाम ठेवता येत नाही, अशी एक समजूत इंग्रजांमध्ये जुनी होती. १६५६ मध्ये एलिझाबेथ की नावाच्या स्त्रीने कोर्टात आपलं स्वातंत्र्य मिळवलं. वडील इंग्रज आहेत आणि बाप्तिस्मा झालेला आहे, हे तिचे मुद्दे होते. मालक मंडळी सावध झाली. पुढच्या अकरा वर्षांत दोन्ही वाटा बंद करण्यात आल्या. १६६२चा कायदा म्हणाला की मूल आईच्या दर्जाचं. १६६७चा कायदा म्हणाला की बाप्तिस्म्याने गुलामाचा दर्जा बदलत नाही. आत्मा मुक्त झाला तरी शरीर मालकाचंच. हा कायदा झाल्यावर गुलामांना बाप्तिस्मा द्यायला मालकांची फारशी हरकत उरली नाही. ब्रुटनच्या नोंदवहीत अठराव्या शतकातल्या हजाराहून जास्त गुलामांचे बाप्तिस्मे लिहिलेले आहेत. बहुतेकांचं एकच नाव, आणि पुढे मालकाचं. अनेकांच्या बाबतीत ते जगले होते याचा तेवढाच लेखी पुरावा.

क्रांतीच्या उंबरठ्यावर या गावातली निम्म्याहून थोडी जास्त माणसं कृष्णवर्णीय होती, आणि त्यातली जवळजवळ सगळी गुलाम. याच गावात, याच चर्चमध्ये स्वातंत्र्याची भाषा बोलली जात होती. बोस्टनचं बंदर इंग्रज बंद करणार अशी बातमी आल्यावर व्हर्जिनियाच्या प्रतिनिधीगृहाने १ जून १७७४ हा उपवासाचा आणि प्रार्थनेचा दिवस जाहीर केला. गव्हर्नर डनमोरने संतापून गृहच बरखास्त केलं. ठरल्याप्रमाणे त्या दिवशी ब्रुटनमध्ये प्रार्थना झाली. आपण चर्चला गेलो आणि दिवसभर उपास केला, अशी नोंद जॉर्ज वॉशिंग्टनच्या रोजनिशीत आहे. सरकारी चर्चमध्ये बसून सरकारविरुद्ध उपास करणं, ही गोष्ट गांधींच्या देशातून आलेल्यांना वेगळी समजावून सांगायला नको.

त्याच सुमारास गावाबाहेरच्या रानात वेगळीच सभा भरत होती. फांद्यांचं छप्पर, खाली काळी माणसं आणि समोर त्यांच्यातलाच एक उपदेशक. पहिल्याचं नाव मोझेस. त्यानंतर गोवन पॅम्फ्लेट. गोवन हा जेन व्होब या बाईंचा गुलाम होता. किंग्ज आर्म्स टॅव्हर्न तिचीच. आज त्या जागी पुन्हा उभ्या केलेल्या टॅव्हर्नमध्ये आपण मेणबत्तीच्या उजेडात जेवतो. दिवसा तिथे काम करणारा हा माणूस फटक्यांची धमकी डोक्यावर घेऊन लोकांना जमवत होता. गुलामांनी एकत्र जमणं मालकांना नको होतं आणि काळ्या माणसाने प्रवचन करणं गोऱ्या बॅप्टिस्टांनाही सुरुवातीला मान्य नव्हतं. तरी त्याची मंडळी पाचशेच्या घरात गेली. १७९३ मध्ये त्याला स्वातंत्र्य मिळालं आणि त्याच वर्षी डोव्हर बॅप्टिस्ट असोसिएशनने त्याच्या मंडळीला सामावून घेतलं. हे फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च आपली स्थापना १७७६ची मानतं. पुढे एका गोऱ्या व्यापाऱ्याने नॅसॉ स्ट्रीटवरची जागा दिली आणि सभा रानातून गावात आली.

ब्रुटनचे दिवस मात्र फिरले. १७८० मध्ये राजधानी रिचमंडला गेली. पुढच्या वर्षी विल्यम्सबर्गहून जवळच, यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिसने शरणागती पत्करली. हाच कॉर्नवॉलिस नंतर गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि टिपूविरुद्ध त्याने पेशव्यांशी हातमिळवणी केली. १७८६ मध्ये जेफरसनने लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा मंजूर झाला आणि चर्चला सरकारचा आधार उरला नाही. एकोणिसाव्या शतकात आतल्या जागेत मधोमध भिंत घातली गेली, जुनं व्यासपीठ गेलं. १८६२च्या लढाईनंतर इथे जखमी सैनिक ठेवले होते.

१८६५ मध्ये अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली. आठच वर्षांनी पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, त्यांनी गुलामांना मुक्त केलं म्हणून. फुल्यांचा हेतू स्पष्ट होता : तिकडे झालं ते इकडेही व्हावं. मराठीतला हा धागा आपल्याला थेट या गावापर्यंत आणतो. कारण कायद्याने सुटलेली माणसं पुढे कशी जगली आणि कशी आठवली गेली, हे इथे जमिनीतच दिसतं. फुले लिहीत होते तेव्हा नॅसॉ स्ट्रीटवर फर्स्ट बॅप्टिस्टची १८५६ मध्ये बांधलेली विटांची देखणी इमारत उभी होती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रुटनला डब्ल्यू. ए. आर. गुडविन हे पाद्री आले. १९०५ ते १९०७ या काळात त्यांनी चर्चचा जीर्णोद्धार केला. मधली भिंत काढली, जुनी रचना परत आणली. चर्चने समाधान झालं नाही; त्यांना अख्खं गाव जुनं करायचं होतं. १९२६ मध्ये त्यांनी जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांना राजी केलं. देणगीदाराचं नाव गुप्त ठेवून घरं विकत घेणं सुरू झालं. गावकऱ्यांना नाव कळलं ते १९२८ मध्ये. अठराव्या शतकातल्या ८८ मूळ इमारती वाचल्या, शेकडो नव्याने उभ्या केल्या. त्याच वेळी नंतरच्या काळातल्या सातशेच्या आसपास इमारती पाडल्या किंवा हलवल्या. आज आपण तिकीट काढून पाहतो ते विल्यम्सबर्ग असं घडलं.

ही कामगिरी मोठी आहे आणि तिच्याशिवाय ब्रुटनची वीटही आज इतकी जपलेली दिसली नसती. पण जीर्णोद्धार करताना कुठलं साल परत आणायचं हे कोणीतरी ठरवतं. इथे ठरलं ते अठरावं शतक, आणि त्यातही गव्हर्नर, जमीनदार आणि देशभक्तांचं. १८५६ची इमारत त्या चित्रात बसत नव्हती. १९५०च्या दशकात नॅसॉ स्ट्रीटवरची जागा विकत घेण्यात आली, चर्च पाडलं गेलं आणि मंडळी गावातल्या दुसऱ्या रस्त्यावर नव्या इमारतीत गेली. जुन्या जागेवर पुढे वाहनतळ झाला.

याच काळातली एक गंमत सांगायलाच हवी. फ्रान्सिस बेकनची गुप्त कागदपत्रं ब्रुटनच्या आवारात एका तळघरात पुरली आहेत, अशी काही लोकांची ठाम समजूत होती. १९३८ मध्ये त्यासाठी खोदकाम झालं. १९९१ मध्ये काही हौशी मंडळी रात्री चोरून खणून गेली. शेवटी १९९२ मध्ये पुरातत्त्वज्ञांकडून रीतसर खोदून पाहण्यात आलं. तळघर नव्हतंच. नसलेल्या कागदांसाठी तीन वेळा कुदळ चालली, आणि तिथून हाकेच्या अंतरावर खराखुरा इतिहास गाड्यांच्या चाकांखाली होता.

तिथली कुदळ २०२० मध्ये चालली, तीही त्या मंडळींच्या वंशजांच्या आग्रहाने आणि सहभागाने. पुढच्या वर्षी पहिल्या इमारतीचा पाया मिळाला. लांबी-रुंदी १६ फूट बाय २० फूट. एका दिवाणखान्याएवढी जागा! भोवतालच्या जमिनीत ६२ थडगी आढळली. कोरीव दगड एकाही थडग्यावर नाही. एकावर खूण म्हणून काचेची रिकामी बाटली उलटी रोवलेली होती. वंशजांच्या संमतीने तीन थडग्यांचा अभ्यास झाला आणि २०२३ मध्ये निष्कर्ष आले : तिघेही आफ्रिकी वंशाचे. त्यातला एक सोळा ते अठरा वर्षांचा मुलगा होता. कॉलेजची पोरं कठड्यावर नावं कोरत त्याच वयाचा. त्याचं नाव कुठेच कोरलेलं नाही.

याच मंडळींची १८८६ची एक घंटा आहे. कित्येक दशकं ती वाजत नव्हती. दुरुस्त झाल्यावर २०१६ च्या सप्टेंबरमध्ये ती वॉशिंग्टनला नेली, आणि आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयाचं उद्घाटन राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हस्ते तीच घंटा वाजवून झालं. ब्रुटनच्या घंटेने १७७६च्या स्वातंत्र्याची वार्ता दिली असं सांगतात. या दुसऱ्या घंटेला आपली पाळी यायला आणखी दोनशे चाळीस वर्षं लागली.

आपण इथे बाहेरून आलेले. हा इतिहास आपल्या पूर्वजांचा नाही, म्हणून त्याकडे पर्यटकाच्या नजरेने बघायची सवलत आपल्याला मिळते. पण आपली मुलं हाच इतिहास आपला म्हणून शिकतात. मराठी शाळेत त्यांना शिवाजी महाराजांचे किल्ले सांगताना आपण आवर्जून सांगतो की किल्ला राजाचा असला तरी तो पाथरवटांनी आणि गडकऱ्यांनी उभा केला. मग ब्रुटनच्या भिंतीपाशी उभं राहून त्या निळसर विटा कोणी भाजल्या, हे का सांगू नये?

ब्रुटन आजही चालू असलेलं चर्च आहे. तिथे रविवारची प्रार्थना होते आणि संध्याकाळी ऑर्गनचे कार्यक्रम होतात. आत जरूर जावं, गॅलरीच्या कठड्यावरची अक्षरं पाहावीत, दारं असलेल्या त्या पेट्यांमध्ये थोडा वेळ बसावं. मग बाहेर पडून पश्चिमेकडे वळावं, नॅसॉ स्ट्रीट आला की डावीकडे, फ्रान्सिस स्ट्रीटच्या कोपऱ्यापर्यंत. १६ बाय २० फुटांची ती जागा मनातल्या मनात आखून पाहावी. ७५ फुटांच्या चर्चमध्ये ज्यांना गॅलरीत किंवा मागे उभं केलं होतं, त्यांनी स्वतःसाठी बांधलेलं चर्च एवढं होतं. तिथे पहिली रांग त्यांचीच होती.